दाबलेली हवा

रेल्वेच्या डब्यात कुणी साखळी ओढली की खालून कुठूनतरी एक लांबलचक 'फुस्स्स' ऐकू येतं आणि थोड्या वेळात गाडी कुरकुरत उभी राहते. बऱ्याच जणांची समजूत अशी असते की साखळी ओढल्यावर ड्रायव्हरकडे घंटा वाजते, मग तो ब्रेक लावतो. प्रत्यक्षात साखळी फार साधं काम करते. ती एक झडप उघडते, आणि सगळ्या डब्यांखालून इंजिनापर्यंत गेलेल्या नळीतली हवा बाहेर सुटते. बस्स. नळीतली हवा कमी झाली की ब्रेक आपोआप लागायला लागतात. इंजिनात काटा खाली आलेला दिसतो, तेव्हा कुठे ड्रायव्हरला कळतं की मागे काहीतरी झालंय.

म्हणजे बघा, हवा असते तेव्हा गाडी पळते आणि हवा जाते तेव्हा गाडी थांबते. सामान्य बुद्धीला हे उलटं वाटतं. हवेचे ब्रेक आहेत ना, मग हवा भरल्यावर लागायला नकोत का? गंमत म्हणजे सुरुवातीला ते तसेच होते. ते उलटे का केले आणि त्यासाठी काय किंमत मोजावी लागली, ही गोष्ट मला गेले काही शनिवार-रविवार पुरली.

या विषयात शिरायचं निमित्त म्हणजे एक स्वस्तातला कॉम्प्रेसर. हल्ली आठ-दहा हजारांत २४ लिटरची टाकी असलेला, खाली दोन चाकं आणि वर पकडायला दांडा असलेला पोर्टेबल कॉम्प्रेसर मिळतो. घरच्या साध्या प्लगवर चालतो. आवाज एवढा करतो की रविवारी दुपारी एक ते चार लावायची सोय नाही (शेजारी पाजारी जेवून झोपलेले असतात). पण मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून भंगाराच्या भावात आणलेले न्यूमॅटिक सिलिंडर आणि व्हॉल्व्ह हलवायला तो पुरेसा आहे. दिवसभर की-बोर्ड बडवणाऱ्या माणसाला एखादा दट्ट्या 'खट्' करून पुढे जाताना बघण्यात काय आनंद असतो, ते सांगून कळणार नाही.

पुढच्या इतिहासासाठी या यंत्राची दोन-तीन गणितं आधी करून घेऊ. २४ लिटरच्या टाकीत ८ बारपर्यंत, म्हणजे पंक्चरवाल्याच्या भाषेत ११५ पौंडांच्या आसपास हवा भरली, तर त्यात कामाला येईल अशी किती ऊर्जा असते? तापमान बदलत नाही असं धरलं तर उत्तर येतं सुमारे २८ किलोज्यूल, म्हणजे जेमतेम ८ वॉट-तास. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीत याच्या दुप्पट ऊर्जा असते! आणि ती टाकी भरायला माझा ५५० वॉटचा कॉम्प्रेसर घड्याळ लावून तीन मिनिटं घेतो, म्हणजे खर्च झाला २७ वॉट-तासांच्या वर. उरलेली ऊर्जा गेली कुठे? उष्णतेत. ३० अंशांची हवा पटकन नऊ पट दाबली आणि तिची उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर कागदावर तिचं तापमान २८० अंशांच्या पुढे जातं. प्रत्यक्षात तेवढं होत नाही, पण पंपातून टाकीकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळीला हात लावून बघू नका. स्वस्त कॉम्प्रेसर सलग चालवला की मरतो तो याच उष्णतेने.

तर ही ऊर्जा साठवायची अगदी भिकार पद्धत आहे. पण बॅटरी ती ऊर्जा एका क्षणात देऊ शकत नाही आणि टाकी देते. २८ किलोज्यूल म्हणजे पन्नास किलोचं पोतं अठरा मजले वर फेकायची ताकद. टाकी फुटली तर ती सगळी डोळ्यांची पापणी लवायच्या आत बाहेर येते. म्हणूनच हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पांढरा पीव्हीसी पाइप दोन्हीकडून टोपणं चिकटवून हवेची टाकी म्हणून वापरणारे लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. पाइपावर छापलेला दाबाचा आकडा पाण्यासाठी असतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप तडकला की थोडं पाणी उडतं आणि दाब संपतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी उलगडत जाते, आणि पीव्हीसी फाटत नाही, त्याच्या धारदार चिंधड्या उडतात. लोखंडी टाकी घ्या आणि तिच्या तळाचा नळ दर वेळी उघडा. पावसाळ्यातल्या दमट हवेने ही टाकी एकदा भरली की जवळजवळ चमचाभर पाणी तळाशी साचतं. रोज एक चमचा पाणी, बंद लोखंडी डबा.. पुढचं सांगायला नको.

आता इतिहास. लोहाराचा भाता हजारो वर्षं जुना आहे, पण भात्यातल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचितच जास्त असतो. ती आग फुलवते, काम करत नाही. १७ व्या शतकात रॉबर्ट बॉइलने रॉबर्ट हूककडून एक हवेचा पंप बनवून घेतला. बॉइल पैसेवाला आणि हूक हाताचा कसबी, अशी ती जोडी होती. १६६० च्या पुस्तकात बॉइलने हवेच्या 'स्प्रिंग'बद्दल लिहिलं, १६६२ मध्ये दाब आणि आकारमान यांचा तो शाळेतला नियम आला. त्यानंतर दोनशे वर्षं हवा ही मुख्यत्वे प्रयोगशाळेतली आणि भट्टीतली वस्तू राहिली. मध्ये हवेच्या बंदुका वगैरे आल्या, पण ते सोडून देऊ. खरी गोष्ट सुरू होते आल्प्सच्या पोटात.

१८५७ साली सार्डिनिया-पिडमॉन्टच्या राजाने इटलीच्या बाजूचं बार्डोनेक्किया आणि पलीकडचं मोडान यांना जोडणारा बोगदा खणायला सुरुवात केली. हाच तो मों सनीचा, किंवा नेमकं बोलायचं तर फ्रेज्यूसचा बोगदा. लांबी जवळजवळ १३ किलोमीटर. (१८६० मध्ये सव्हॉय प्रांत फ्रान्सला दिला गेला आणि बोगद्याचं एक टोक परदेशात गेलं! काम तरीही चालू राहिलं.)

ही लांबी किती, हे कळायला आपल्याकडे बघू. नेमक्या त्याच काळात, १८५६ ते १८६३, बोरघाटात जीआयपी रेल्वेचं काम चालू होतं. खंडाळ्याच्या गाडीत बसून आपण मोबाइलची रेंज जाते म्हणून ज्यांना शिव्या देतो, ते २५ बोगदे त्या वेळचे. त्यातला सर्वांत लांब बोगदासुद्धा अर्ध्या किलोमीटरच्या आतला. हे सगळं पहार, घण आणि सुरुंगाची दारू यांच्यावर झालं. १८६१ मध्ये घाटात ४२ हजारांपर्यंत माणसं कामाला होती. पटकीने किती गेली, अपघातांनी किती गेली, त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आला आणि काही आठवड्यांतच वारला, मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं, हे मात्र नोंदलेलं आहे. असो.

बोरघाटात बोगदे आखूड होते, दोन्ही तोंडांनी माणसं लावली की पुरत होतं. जिथे बोगदा लांब असे तिथे डोंगराच्या माथ्यावरून विहिरीसारखे उभे खड्डे खणून आणखी तोंडं तयार करायची पद्धत होती. फ्रेज्यूसला ते शक्यच नव्हतं, कारण डोक्यावर दीड किलोमीटरहून जास्त जाडीचा खडक. दोनच तोंडं, आणि प्रत्येकी सहा किलोमीटरच्या वर आत जायचं. हाताने खणायचा अंदाज पंचवीस वर्षांच्या पुढे जात होता. वाफेचं इंजिन आत नेलं तर धुराने माणसं गुदमरणार. इंजिन बाहेर ठेवून वाफ नळीने आत पाठवली तर वाटेत थंड होऊन पाणी होणार. दोरखंड आणि पट्टे एवढ्या लांब चालत नाहीत. आणि कामाला लागेल अशी वीज अजून यायची होती.

जर्मॅं सोमेये या इंजिनिअरने त्याचे दोन सहकारी ग्रांदिस आणि ग्रात्तोनी यांच्यासह यावर उतरवलेला उपाय म्हणजे दाबलेली हवा. (मूळ कल्पना जिनिव्हाच्या कोलादोंची, की यांची, यावर तेव्हाही भांडण झालं.) हवा कितीही लांब गेली तरी तिचं पाणी होत नाही. नळीच्या भिंतींना घासून थोडा दाब कमी होतो, तेवढंच. आणि सगळ्यांत सुंदर भाग म्हणजे ड्रिलमधून काम करून बाहेर पडणारी हवा ही कामगारांना श्वास घ्यायलाच उपयोगी पडते. ज्याला इतर यंत्रांत धूर म्हणतात, ते इथे ताजी थंड हवा! एका नळीतून शक्ती आणि प्राणवायू दोन्ही. इंजिनिअरिंगमध्ये इतका स्वच्छ सौदा क्वचितच बघायला मिळतो.

हवा दाबायला कोळसासुद्धा लागला नाही. बार्डोनेक्कियाला डोंगरातलं पाणी पंचवीसेक मीटर उंचीवरून नळात सोडत, आणि ते कोसळणारं पाणीच दट्ट्यासारखं हवेवर आदळून तिला दाबत असे. दाब सहा वातावरणांच्या आसपास. म्हणजे आज घरातल्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला माझा कॉम्प्रेसर त्याहून जास्त दाब देतो. फरक प्रमाणाचा, तत्त्वाचा नाही. १८६१ मध्ये इटलीच्या बाजूला आणि १८६३ मध्ये फ्रान्सच्या बाजूला हवेची ड्रिलं सुरू झाली. १८७० च्या डिसेंबरमध्ये दोन्ही बाजूंची माणसं आत एकमेकांना भेटली, पंचवीस वर्षांचं काम साडेतेरा वर्षांत. सप्टेंबर १८७१ मध्ये बोगद्याचं उद्घाटन झालं. सोमेये त्याच वर्षी जुलैमध्ये वारला होता.

या सौद्यालाही एक काळी बाजू होती, ती पुढे कळली. घणाने छिद्र पाडताना दगडाचे खडे उडतात. वेगाने आपटणारं ड्रिल मात्र बारीक पीठ उडवतं, आणि ते छातीत जाऊन बसतं. सिलिकोसिस. अमेरिकेतल्या खाणकामगारांनी कोरड्या ड्रिलांना 'विधवा करणारं यंत्र' असंच नाव ठेवलं होतं. १८९० च्या दशकाच्या शेवटी जॉर्ज लेनरने पोकळ पहारीतून पाणी सोडणारं ड्रिल आणलं, तेव्हा कुठे त्यावर उतारा मिळाला. रस्त्यावर काँक्रीट फोडणाऱ्या माणसाच्या तोंडाला आजही नुसता रुमाल बांधलेला दिसतो. तो रुमाल काहीही अडवत नाही.

आल्प्समधल्या या प्रकाराने लोक इतके भारावले की दाबलेली हवा हेच भविष्य असं काही काळ वाटत होतं. पॅरिसमध्ये व्हिक्टर पॉप या ऑस्ट्रियन इंजिनिअरने १८८० पासून चक्क हवेवर चालणारी घड्याळं बसवली. एका केंद्रातून दर मिनिटाला हवेचा एक झटका नळ्यांतून शहरभर जायचा आणि सगळ्या घड्याळांचे काटे एकदम एक घर पुढे सरकायचे. आपल्या भाषेत टाइम सर्व्हर! पुढे त्याच कंपनीने कारखान्यांना, लिफ्टना, दातांच्या डॉक्टरांना मीटर लावून हवा विकायला सुरुवात केली. जानेवारी १९१० मध्ये सेन नदीचं पाणी कारखान्यात शिरलं आणि शहरातली ही घड्याळं रात्री अकराच्या सुमाराला एकदम थांबली. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. विजेपुढे हवा टिकली नाही याचं कारण वर केलेल्या २७ आणि ८ च्या गणितात आहेच. तरीही पॅरिसचं हवेचं जाळं पूर्ण बंद झालं ते थेट १९९४ साली.

आता ब्रेककडे वळू. १८६० च्या दशकात अमेरिकेत गाडी थांबवायची पद्धत अशी: ड्रायव्हर शिट्टी मारणार, आणि मग 'ब्रेकमन' नावाची माणसं प्रत्येक डब्याचं चाक हाताने फिरवून ब्रेक आवळणार. मालगाडीत ही चाकं डब्यांच्या छतावर असत. धावत्या गाडीच्या टपावरून, बर्फात, रात्री, एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचं. किती माणसं पडून मेली याला गणती नाही. आणि एवढं करूनही गाडी वेळेत थांबेल याची खात्री नाहीच.

जॉर्ज वेस्टिंगहाउस या तरुणाने १८६६ च्या सुमाराला दोन मालगाड्यांची समोरासमोर टक्कर झालेली बघितली. दोन्ही ड्रायव्हरना एकमेकांच्या गाड्या दिसल्या होत्या, पण थांबवायला वेळ मिळाला नाही. सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम लावायचे कसे यावर तो विचार करत होता. वाफ वापरली तर ती थंड होते, हे त्याच्याही लक्षात आलं होतं. त्याच्या चरित्रांमध्ये अशी गोष्ट सांगतात की मासिकाची वर्गणी गोळा करायला आलेल्या एका मुलीकडून त्याने केवळ भिडेखातर वर्गणी भरली, आणि त्या मासिकात त्याला मों सनीच्या बोगद्यावरचा लेख सापडला. हवा हजारो फूट आत जाऊन ड्रिल चालवू शकते, तर गाडीच्या लांबीचं काय घेऊन बसलात! गोष्ट थोडी गोड केलेली असेलही. पण १८६९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं हे खरं.

हा पहिला ब्रेक अगदी सरळ होता. इंजिनावर कॉम्प्रेसर आणि टाकी, तिथून सगळ्या डब्यांखालून एक नळी, प्रत्येक डब्याखाली सिलिंडर. ड्रायव्हर नळीत हवा सोडणार, सिलिंडरांचे दट्ट्ये पुढे येणार, ब्रेक लागणार. चालतो! पण यात दोन दोष आहेत. पहिला, हवा शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर पुढचे डबे आवळलेले आणि मागचे ढकलतायत. दुसरा दोष भयंकर. डब्यांमधली रबराची नळी फाटली किंवा गाडी मध्येच तुटली, तर ब्रेक लागणारच नाहीत. ज्या क्षणी ब्रेकची सर्वांत जास्त गरज, नेमका त्याच क्षणी ब्रेक नाही.

१८७२ मध्ये वेस्टिंगहाउसने यावर जे केलं ते माझ्या मते त्या शतकातल्या सर्वांत हुशार कल्पनांपैकी एक आहे. त्याने प्रत्येक डब्याखाली एक छोटी स्वतंत्र टाकी दिली आणि नळी, टाकी व सिलिंडर यांच्या मध्ये एक झडप बसवली, 'ट्रिपल व्हॉल्व्ह'. नळीत दाब भरलेला असेल तोवर झडप टाकी भरू देते आणि ब्रेक सैल ठेवते. नळीतला दाब टाकीपेक्षा कमी झाला की झडप सरकते आणि डब्याच्या स्वतःच्या टाकीतली हवा सिलिंडरमध्ये जाते. ब्रेक लागतो. नळी आता शक्ती वाहून नेत नाही, फक्त 'सगळं ठीक आहे' एवढा निरोप देते. निरोप थांबला की ब्रेक. सर्व्हर मेला हे सर्व्हरने कळवायचं नसतं, त्याची हार्टबीट थांबली की आपण समजून घ्यायचं, हे आपण वितरित सिस्टिम्समध्ये मोठ्या अभिमानाने शिकतो, ते दीडशे वर्षांपूर्वी पितळेच्या एका झडपेत होतं.

हे सगळ्यांना लगेच पटलं असं नाही. जास्त खर्च, जास्त सुटे भाग, जास्त देखभाल. आयर्लंडमध्ये आर्मा इथे १२ जून १८८९ रोजी रविवारच्या शाळेच्या मुलांची सहलीची गाडी चढावर अडकली. ब्रेक साध्या निर्वात प्रकारचे, म्हणजे नळी जोडलेली असेल तरच चालणारे. गाडीचे दोन भाग करून आधी पुढचा भाग वर न्यायचा असं ठरलं. मागचे डबे सोडवले, त्याच क्षणी त्यांचे ब्रेक गेले. आता त्यांना धरून होता फक्त गार्डच्या डब्याचा हातब्रेक आणि चाकांमागे ठेवलेले दगड. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, धक्का बसला, दगड चिरडले, आणि मुलांनी भरलेले डबे उतारावरून उलटे सुटून मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं गेली, त्यात मुलं बरीच. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. वेस्टिंगहाउसची झडप तेव्हा सतरा वर्षं जुनी होती. सतरा वर्षं! अमेरिकेतला कायदा आला १८९३ मध्ये.

हे वाचल्यावर मला राहवेना. टेबलावर ट्रिपल व्हॉल्व्हचं एक ओबडधोबड मॉडेल करून बघितलं, आणि स्वस्त कॉम्प्रेसरचे पैसे इथे वसूल झाले. साहित्य अगदी थोडं: १६ मिलिमीटरचा एक सिलिंडर (४ बारला तो आठेक किलोचा जोर देतो), हवेच्या दाबाने सरकणारा आणि स्प्रिंगने परतणारा नॉर्मली ओपन ३/२ व्हॉल्व्ह, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, रेग्युलेटर. डब्याची टाकी म्हणून मोठ्या बोअरचा दुसरा जुना सिलिंडर वापरला. न्यूमॅटिक सिलिंडर मुळातच दाबासाठी बनवलेला असतो, त्यामुळे ही बाटल्या आणि पाइप यांच्यापेक्षा सुरक्षित टाकी. मुख्य नळीतून नॉन-रिटर्नमार्गे टाकीत हवा, आणि त्याच नळीची एक फांदी व्हॉल्व्ह सरकवायला. नळीत दाब आला की व्हॉल्व्ह सरकतो आणि ब्रेकचा सिलिंडर मोकळा होतो. मग मी कात्रीने नळी कापली. फुस्स, खट्! चाक जागच्या जागी थांबलं. बायको म्हणाली, 'नळ्या कापायलाच आणल्यास का?' तिला मुद्दा पटला नाही, पण नळीचे पाच तुकडे होईपर्यंत मी तो प्रयोग करत होतो.

माझ्या मॉडेलमध्ये खऱ्या झडपेची अर्धीच हुशारी आहे. माझा व्हॉल्व्ह स्प्रिंगशी तुलना करतो, त्यामुळे ब्रेक एकतर पूर्ण लागतो नाहीतर अजिबात नाही. वेस्टिंगहाउसची झडप नळीच्या दाबाची तुलना डब्याच्या टाकीतल्या दाबाशी करते. ड्रायव्हरने नळीतला दाब थोडासाच कमी केला तर टाकीतली थोडी हवा सिलिंडरमध्ये जाते, तेवढ्याने टाकीचा दाब नळीच्या किंचित खाली येतो, आणि झडप आपणहून मधल्या जागी येऊन थांबते. थोडं मागितलं तर थोडा ब्रेक. स्प्रिंग नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, निव्वळ दोन दाबांची रस्सीखेच.

आणखी एक गोष्ट या मॉडेलने दाखवली. रात्री कॉम्प्रेसर बंद करून, ब्रेक लागलेल्या अवस्थेत सगळं तसंच ठेवलं. सकाळी चाक हाताने मोकळं फिरत होतं. जोडांमधून हवा रात्रभर झिरपली होती. नळी रिकामी, हे ठीक. पण टाकीही रिकामी. झडप कितीही हुशार असली तरी जी हवाच उरली नाही ती कुठून आणणार?

कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाने जुलै २०१३ मध्ये याची किंमत मोजली. कच्च्या तेलाचे ७२ टँकर असलेली गाडी रात्री उतारावर उभी करून ठेवली होती. सात हातब्रेक लावलेले, बाकी भार इंजिनांच्या हवेच्या ब्रेकवर. चालू ठेवलेल्या इंजिनाला आग लागली, अग्निशमन दलाने ती विझवली आणि इंजिन बंद केलं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. हवा हळूहळू झिरपली, हातब्रेक एकटे पुरेनात, आणि मध्यरात्रीनंतर गाडी विनाचालक उतारावरून गावात जाऊन घसरली. ४७ माणसं जळून गेली. उभ्या गाडीला हवेच्या भरवशावर सोडायचं नाही, पुरेसे हातब्रेक लावायचे आणि ते धरतात का हे हवा काढून तपासायचं, हा नियम कागदावर आधीपासून होता.

आपल्याकडे रेल्वेने फार काळ हवेऐवजी निर्वात ब्रेक वापरले. आर्मासारखे साधे नव्हेत, आपोआप लागणारे. तत्त्व तेच, चिन्ह उलटं: नळीतून हवा काढून घेतलेली असते, आणि साखळी ओढली की बाहेरची हवा आत शिरून ब्रेक लागतो. अडचण एवढीच की निर्वाताला तळ असतो. दाब वाढवत नेता येतो, पण शून्याच्या खाली जाता येत नाही. पारा ५१-५३ सेंटिमीटर चढेल एवढा निर्वात म्हणजे जेमतेम ०.७ बारचा फरक, त्यावर पुरेसा जोर मिळवायचा तर डब्याखाली मोठमोठे सिलिंडर टांगावे लागतात. लांब आणि जड मालगाड्यांना ते झेपेना, म्हणून १९८० च्या दशकापासून मालगाड्या आणि पुढे प्रवासी गाड्या हवेच्या ब्रेककडे वळल्या.

आता ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब ठेवतात. सोमेयेच्या ड्रिलइतकाच, म्हणायला हरकत नाही. इंजिनात एक गेज असतं आणि दुसरं शेवटच्या डब्यात गार्डकडे. गाडी सुटण्याआधी नळी अखंड आहे का, हे बघायचा खात्रीचा मार्ग म्हणजे इंजिनातून थोडी हवा सोडायची आणि गार्डच्या काट्याने खाली येऊन पुन्हा वर जायची वाट बघायची. मधल्या कुठल्याही डब्यात कुणी नळीचा नळ बंद ठेवला असेल तर मागचा काटा हलत नाही, आणि मग सिग्नल हिरवा असला तरी गाडी फलाटावरून हलवत नाहीत.